मायची खानावळ

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज व्हायचा तो स्टोव्हला पंप मारण्याचा. मग पाण्याच्या ड्रमवरचं पत्र्याचं झाकण सरकायचं, परातीत पीठ पडायचं, आणि त्यामागून मायची हाक यायची. एकच हाक. दुसरी हाक मारायची तिला सवय नव्हती आणि पहिलीला न उठायची आम्हाला हिंमत नव्हती. आम्ही तिला माय म्हणायचो. कॉलेजात मात्र मी 'आई' म्हणून सांगायचे, कारण माय म्हटलं की सिडकोतल्या पोरी ओठ दाबून हसायच्या. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीच्या कडेने दोन लांब सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या, मागच्या खोलीत गॅसची शेगडी, पंपाचा स्टोव्ह, जर्मनची मोठाली भगुली, आणि उरलेल्या जागेत आम्ही. अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेले सव्वीस जण आमच्याकडे जेवायचे. सकाळी सातच्या आत डबे भरून तयार, संध्याकाळी सतरंज्या पसरून दोन पंगती. आमचे वडील, आप्पा, ज्या कंपनीत होते ती बंद पडली होती. ते नामपूरला आपल्या भावाकडे कांदा मार्केटात कामाला राहिले होते आणि महिन्यातून एकदा यायचे. आले की ओट्यावर बसून राहायचे, पाहुण्यासारखे. घर मायच्या पोळ्यांवर चाललं होतं, आणि हे त्यांना आवडत नव्हतं, पण त्याला पर्यायही त्यांच्याकडे नव्हता.

मायच्या हाताला चव होती. उगाच म्हणत नाही. त्या वेळच्या कुणालाही विचारा, असं मी म्हटलं असतं, पण आता विचारणार तरी कुणाला? सोमवारी डुबुकवड्यांची आमटी, एखाद्या दिवशी शेवभाजी, हिवाळ्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. घर सोडून आलेली ती माणसं जेवताना फार बोलत नसत. बोटं चाटल्याचा आवाज मात्र मागच्या खोलीपर्यंत यायचा, आणि तो ऐकला की मायचा चेहरा थोडा सैल व्हायचा. मला त्या आवाजाचा तिटकारा होता. मी बारावी सायन्सला होते. सकाळी कॉलेजला जाण्याआधी शंभरावर पोळ्या लाटायच्या आणि मग बसमध्ये उभं राहिलं की केसांना येणारा तेलाचा, फोडणीचा वास लपवायला ओढणी घट्ट गुंडाळून घ्यायची. शेजारी उभी असलेली पोरगी जरा सरकली तरी वाटायचं, हिला वास आला. खानावळ बंद पडावी असं मी देवापाशी मागितलं नव्हतं, पण मनात ते नव्हतं असंही नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सांगताना ते लपवायचा मोह होईल.

मायचा एक नियम होता. ज्याचं पोट बिघडलं त्याने स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि जो त्याचं हगणं-मुतणं काढतो त्यानेही नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली. हा नियम तिला कुठल्या पुस्तकाने दिला नव्हता. ती लहान असताना गावात पटकी आली होती आणि तिचा थोरला भाऊ सकाळी शेतात गेला तो संध्याकाळपर्यंत संपला होता. त्याचं सगळं करणारी तिची काकू तशीच चुलीपुढे बसली आणि घरातलं आणखी एक माणूस गेलं. ते मायने पाहिलं होतं. त्यामुळे आमच्याकडे संडासातून आलं की आधी राखेने आणि मग साबणाने हात घासायचे, नखांच्या आतून, आणि ती समोर उभी राहून बघायची. नळ दिवसातून तासभर यायचा, तरी हात धुवायच्या पाण्यात तिने कधी काटकसर केली नाही. मला हे खेडवळ वाटायचं. मी बायॉलॉजीच्या वहीत जिवाणूंच्या आकृत्या काढत होते, पेन्सिलीने छान छटा देऊन, आणि आमची आई राखेने हात घासायला लावते म्हणून लाजत होते.

बारावीच्या त्या वर्षी एका सोमवारी वैशू, माझी धाकटी बहीण, शाळेतून दुपारीच घरी आली. सात वर्षांची होती. वर्गातल्या एका मुलाने शनिवारी बाकावरच उलटी केली होती आणि आज चार जण आले नव्हते, असं तिने सांगितलं आणि सांगता सांगता दारातच भडाभडा ओकली. मायने मला हाताने मागे सारलं. तू आत जा, म्हणाली, इकडे पाय ठेवू नको. मग तिने दारावर राख टाकली, ती कागदावर भरून घेतली, फिनेलने फरशी पुसली, वैशूचे कपडे वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्यात टाकले. संध्याकाळपर्यंत वैशूला जुलाबही सुरू झाले. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पुडीतली पावडर दिली, पाणी पाजत राहा म्हणाले, दोन-तीन दिवसांत उतरेल.

आता प्रश्न होता सव्वीस जणांचा. मायने त्याचा निकाल लगेच लावला. वैशूचं ती बघणार, स्वयंपाक मी करायचा. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि खरंच ती आली नाही. सोमवार संध्याकाळपासून ती उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायची आणि तिथून मला सांगायची, आता मीठ टाक, आता आच कमी कर, पोळी अजून पातळ लाट. मध्येच वैशू कण्हली की उठायची, तिला मोरीत घेऊन जायची, मग हात घासल्याचा आवाज यायचा, बराच वेळ, आणि पुन्हा पाटावर येऊन बसायची. चार दिवस आपल्याच स्वयंपाकघरात ती पाहुण्यासारखी बाहेर बसली होती. त्या वेळी मला फक्त राग येत होता की सगळं माझ्या अंगावर पडलं. आता माझी पन्नाशी उलटली आहे. आजाऱ्याला कसं वेगळं ठेवावं हे लोकांना शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. मायने त्या चार दिवसांत केलं त्याहून नीट करणारं माणूस मला फार क्वचित भेटलं.

बुधवारी कॉलेजात केमिस्ट्रीच्या तासाला मला घाम फुटला. कशीबशी बाथरूमपर्यंत पोचले आणि ओकले. मग पुन्हा. पोटात कळ येऊन पातळही झालं. एका मैत्रिणीने लिंबाची गोळी दिली, ती तोंडात ठेवून बसने घरी आले. येताना वाटभर ठरवत होते की घरी गेल्या गेल्या मायला सांगायचं आणि आडवं व्हायचं. दारात आले तर माय मोरीत वैशूचं दुपटं घासत होती. दोन रात्री जागून तिचे डोळे आत गेले होते. मला बघून ती तशीच ओल्या हातांनी उठली आणि भिंतीला टेकली. थकली की तिच्या तोंडात तिची अहिराणी यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तू तरी धड शे."

 मी आजारी म्हटलं असतं तर चूल बंद ठेवावी लागली असती, आणि सव्वीस माणसं दुसऱ्या खानावळीत जेवली असती. एकदा दुसरीकडे पाट मांडला की माणूस परत येतो का, याची खात्री नव्हती. हे सगळं मला कळत होतं. म्हणून मी गप्प राहिले, दप्तर टाकलं, आत गेले आणि पीठ भिजवायला घेतलं. एवढ्यापुरती मी स्वतःला आजही दोष देत नाही. सतरा वर्षांची पोरगी आणि तिची थकलेली आई. त्या दिवशी मी लपवलं ते प्रेमापोटीच लपवलं.

गुरुवारी मला बरं वाटायला लागलं. सकाळी भाताची पेज प्याले, ती टिकली. म्हणजे संपलं, असं मी धरून चालले. गुरुवारी पंगतीला काहीतरी जास्तीचं द्यायची मायची रीत होती, कधी शिरा, कधी भजी. त्या दिवशी तिने उंबऱ्याबाहेरून सांगितलं, काकड्या आहेत, कोशिंबीर कर. मी काकड्या कोचल्या, शेंगदाण्याचं कूट घातलं, मीठ-साखर घालून परातीत हाताने कालवलं. मीठ बेताचं आहे का म्हणून बोट लावून पाहिलं आणि पुन्हा कालवलं. दुपारभर मला दोनदा संडासला जावं लागलं होतं. मी हात धुतले होते. धुतले होते म्हणजे पाण्याखाली धरले होते; मायची नजर तेव्हा वैशूवर होती. संध्याकाळी दोन्ही पंगतींना कोशिंबीर वाढली. काशिनाथने दोनदा मागून घेतली. पेठकडच्या डोंगरातला होता तो, घरी नागली आणि भात पिकवणारा, एका कारखान्यात कंत्राटी म्हणून लागला होता. तो मायला मावशी म्हणायचा आणि ताटात कधी काही टाकायचा नाही.

शुक्रवारी संध्याकाळच्या पंगतीला निम्मी माणसं आली नाहीत. शनिवारी सकाळी डबे न्यायला चौघे आले आणि त्यांनी सांगितलं की बाकीचे खोल्यांवर पडून आहेत. उलट्या आणि जुलाब. एका खोलीत सहा-सहा जण राहणारी माणसं ती, दहा खोल्यांना मिळून एक संडास. ज्यांनी आमच्याकडे खाल्लं नव्हतं तेही त्या संडासामुळे पडायला लागले. काशिनाथला सिव्हिलमध्ये नेऊन सलाईन लावावं लागलं. कारखान्यात एकदम एवढी माणसं गैरहजर राहिल्यावर तिथून कुणीतरी कळवलं आणि सोमवारी दुपारी पालिकेच्या आरोग्य विभागाची गाडी आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली.

गाडीतून एक डॉक्टरीणबाई उतरल्या. वयाने लहानच होत्या, कडक इस्त्रीची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. गल्लीतली सगळी दारं उघडली होती आणि आमच्या दारात माणसं दाटली होती. बाई उद्धट नव्हत्या, उलट फार नीट बोलल्या. त्यांनी ड्रममधलं पाणी बाटलीत घेतलं, भगुली उचलून पाहिली, फरशी पाहिली. घर स्वच्छ ठेवलंय तुम्ही, असंही म्हणाल्या. मग मायला विचारलं, गेल्या आठवड्यात घरात कुणी आजारी होतं का? मायने नाही म्हणून सांगितलं. ती का खोटं बोलली ते मला समजत होतं. दारात उभ्या असलेल्या माणसांसमोर हो म्हटलं की खानावळ तिथेच संपली असती. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. टेबलावर माझी बायॉलॉजीची वही होती. सायन्सला आहेस का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग तुला माहीत असेल, त्या म्हणाल्या, ही माहिती लपवून चालत नाही, अजून माणसं आजारी पडू शकतात.

मला त्या बाईंसारखं व्हायचं होतं. त्यांच्या नजरेत मला पोळ्या लाटणारी पोरगी राहायचं नव्हतं. आणि त्याहून खोल एक भीती होती. त्या विचारत विचारत स्वयंपाक कुणी केला इथपर्यंत येणार, आणि तिथे मीच उभी होते. आधी बोट दाखवलं की आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही, हे लहान पोरालाही कळतं. मी म्हणाले, "माझ्या बहिणीला उलट्या-जुलाब होत होते. आईच तिचं सगळं करत होती."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तिथेच मी थांबले.

बाईंनी वहीत लिहिलं आणि मायला विचारलं, स्वयंपाकही तुम्हीच करत होता का? मायने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती बघत होती, जशी पंगतीत वाढताना कुणाला अजून काही हवंय का म्हणून थांबून बघायची तशी. आणि त्या क्षणी मला कळलं की तिला ठाऊक आहे. दोन दिवस मी पेजेशिवाय काही खाल्लं नव्हतं, संडासच्या खेपा केल्या होत्या. शनिवारी निवांत झाल्यावर तिने एकाला दुसरं जोडलंच असणार. ती बराच वेळ थांबली. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला.

"हो," माय म्हणाली. "सगळं मीच केलं. हिने हात लावला नाही."

मग बाईंनी दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितलं. हा रोग हातावरून अन्नात जातो. उलटी झाली की तिचे बारीक थेंब उडतात, ते भांड्यांवर, कपड्यांवर, दाराच्या कडीवर बसतात, आणि डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्याशा घाणीने दहा माणसं पडतात. आजाऱ्याचं करणाऱ्याने स्वयंपाक करू नये. हात नुसते ओले करून भागत नाही, साबण लावून चोळून धुवायचे. त्यांनी मायला मोरीशी नेलं आणि तिचे हात आपल्या हातात घेऊन कसे चोळायचे ते दाखवलं. बोटांच्या मधून. नखांच्या आतून. माय खाली मान घालून ते शिकत होती. गल्ली बघत होती. तिने एकदाही म्हटलं नाही की हे मला येतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि अजूनही वेळ होती. बाई मोरीतून बाहेर येईपर्यंत, त्या गाडीत बसेपर्यंत, गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत वेळ होती.

पंधरा दिवस खानावळ बंद ठेवा असं लेखी आलं. पंधरा दिवसांनी माय पहाटे उठली, स्टोव्ह पेटवला, दोन भगुली आमटी केली. तिघे आले. त्यांतले दोघे दुसऱ्या दिवशी आले नाहीत. गल्लीत तिला आता एक नाव पडलं होतं, ते मी लिहिणार नाही. दुकानात ती उभी राहिली की बायका पिशव्या आपल्या बाजूला ओढायच्या. समोरच्या घरातली काकू, जी आमच्याकडून दर संक्रांतीला पुरणपोळ्या करून न्यायची, ती म्हणाली की आम्ही कधीपासून म्हणत होतो, एवढ्याशा घरात एवढ्या माणसांचं अन्न बरं नव्हे. आप्पा आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं.

काशिनाथ एका सकाळी आला. अंगात सदरा लोंबत होता एवढा उतरला होता. आठ दिवस कामावर न गेल्यामुळे गेटवरून त्याला परत पाठवलं होतं, त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. कंत्राटी माणसाला आजारपणाची रजा नसते. तो गावी निघाला होता, आणि जाताना मावशीला भेटून जावं म्हणून आला होता. मायने त्याला चहा दिला. तो चहा घेईल की नाही अशी तिला धाकधूक होती; कप-बशी ठेवून ती तिथेच उभी राहिली. त्याने बशीत ओतून सगळा प्याला. मग म्हणाला, "मावशी, लोक काय पण बोलत्यात. तुमच्या हातचं खाऊन नाय झालं हे. पाणी बाधलं आसंल."  मी तिथेच होते, दोघांपासून तीन हातांवर, वहीत डोकं घालून. तो गेला. द्राक्षाच्या बागेत मजुरीला लागला असं नंतर कुणाकडून तरी कळलं, मग काहीच कळलं नाही.

त्यानंतर माय दुसऱ्याच्या खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली, लांब, सातपूरच्या बाजूला, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथे तिला मावशी म्हणत नव्हते, पोळीवाली म्हणत. घरी आमच्या तिघींपुरता स्वयंपाक व्हायचा आणि तो ती पटकन उरकायची. डुबुकवड्या तिने पुन्हा केल्या असतील, मला आठवत नाहीत. मला सकाळी लाटायला लागायचं नाही आता. केसांना वास यायचा नाही. मी बारावी झाले, पण डॉक्टर होण्याएवढे गुण नव्हते आणि तेवढी ऐपतही नव्हती, म्हणून एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या, ट्रेनिंगला गेले.

तिथे एका दुपारी सिस्टर गॅस्ट्रोवर शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, बरं वाटलं म्हणजे रोग गेला असं समजू नका. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस त्या माणसाने दुसऱ्यांचं अन्न शिजवू नये, वाढू नये, कारण त्याच्या पोटातून विषाणू बाहेर पडतच असतो. आणि सगळ्यात वाईट काय, तर शिजल्यावर हात लागलेलं किंवा न शिजवता खाल्लेलं अन्न. कापलेली फळं, चटण्या, कोशिंबीर. त्या हे सगळं फळ्यावर लिहीत होत्या आणि मीही वहीत उतरवून घेत होते. कोशिंबीर हा शब्द मी नीट लिहिला, दोन्ही वेलांट्यांसकट. तोवर मी स्वतःला सांगत आले होते की नक्की कशाने झालं कुणास ठाऊक, वैशूचंही असेल, पाण्याचंही असेल. त्या दुपारनंतर ते सांगायची सोय राहिली नाही. आमच्या घरात नियम पाळणारं एकच माणूस होतं आणि शिक्षा त्याच माणसाला झाली होती.

पुढे तीस वर्षं मी हेच काम करत आले. सिन्नरच्या बाजूच्या गावांत, जीपच्या मागच्या फळीवर बसून जायचं आणि बायकांना गोळा करून सांगायचं. हात साबणाने धुवा, वीस आकडे मोजेपर्यंत चोळा. पोराने ओकलं तर ते झाकून मग उचला, जागा ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा. आजाऱ्याचा टॉवेल, ताट वेगळं ठेवा. पाणी तोडू नका, साखर-मिठाचं पाणी घोटाघोटाने पाजत राहा. अलीकडे सगळ्यांना बाटलीतलं सॅनिटायझर चोळायची सवय लागली आहे, त्यांनाही सांगते की पोटाच्या या विषाणूवर ते फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. बायका ऐकून घेतात. मग एखादी विचारते, बाई, दोन दिवस चुलीपासून लांब राहायचं तर रांधायचं कुणी?  घरातल्या दुसऱ्या कुणालातरी सांगा, असं म्हणते.

आप्पा गेल्यावर माय माझ्याकडे क्वार्टरवर राहायला आली. वैशूचं लग्न झालं होतं. माय आता म्हातारी दिसायला लागली होती, पण धान्य पाखडायला, निवडायला तिला अजून लागायचं. एकदा आमच्या हद्दीतल्या एका शाळेत खिचडी खाऊन मुलं आजारी पडली. फार गंभीर नव्हतं, सगळी बरी झाली. खिचडी शिजवणारी बाई चाळिशीची, विधवा. मी तिला शाळेच्या मागे एकटीला नेलं आणि विचारलं. ती आधी रडली, मग सांगितलं की तिलाच दोन दिवस जुलाब होत होते, पण घरी बसलं तर काम दुसरीला जाईल म्हणून ती आली. शिजवून झाल्यावर लिंबू-कांदा हाताने मिसळला होता. मला ते अहवालात लिहावं लागलं. लिहिलं. काम दुसरीला गेलं.

त्या संध्याकाळी घरी आले आणि मायला हे सगळं सांगितलं. का सांगितलं ते मला तेव्हा कळत होतं आणि नव्हतंही. ती सुपात तूरडाळ घेऊन निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाईने आपल्या तोंडाने सांगितलं?"

मी हो म्हटलं.

"चांगली बाई शे," माय म्हणाली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासमोर खाली बसले. माय, ती कोशिंबीर, एवढंच म्हणाले. तिने हात थांबवला नाही. एक खडा सापडला, तो बाजूला टाकला.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "माणसं पडली त्याच दिवशी कळलं होतं."

मग तू का नाही बोललीस, मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हा प्रश्न मी विचारायला नको होता असं मला वाटलं.

"तू बोलशील म्हणून थांबले," ती म्हणाली. "ती डॉक्टरीण गेली. म्हटलं आज नाही तर उद्या बोलेल, लहान आहे, घाबरली असेल. मग काशिनाथ आला. तो आपल्या दारातून उठून गेला, तरी तू वाचत बसलेली. तिथून मी वाट पाहायची सोडली."

मग ती सूप घेऊन उठली आणि डाळ शिजायला टाकायला आत गेली. त्यानंतर सहा वर्षं ती माझ्या घरी होती. माझ्या हातचं जेवली, आजारपणात तिचं सगळं मी केलं, आणि ते तिने करू दिलं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मागायचं धैर्य मलाही झालं नाही.